पाटी डॉक्टरांची, पाठबळ संस्थेचे : दंतवैद्यकातील नव्या बांधणीचा आढावा

हिंगोली जिल्ह्यात दाताचा दवाखाना म्हटले की बहुतेक वेळा एक गाळा, एक-दोन खुर्च्या, एक डॉक्टर आणि एक मदतनीस एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. पाटीवर डॉक्टरांचे आडनाव असते, नाहीतर आईवडिलांचे किंवा देवाचे नाव. पेशंट त्या नावावर विश्वास ठेवून येतो आणि पुढे घरातल्या सगळ्यांना तिथेच आणतो. अशा दवाखान्यासमोर आज जगभर एक प्रस्ताव ठेवला जात आहे. दवाखाना तुमचाच राहील, पाटीही तुमचीच राहील. मालाची खरेदी, हिशेब, कर, नोकरभरती, यंत्रांची देखभाल आणि प्रसिद्धी आम्ही सांभाळू, त्याबद्दल आम्हाला मोबदला किंवा मालकीत वाटा द्या. अशा संस्थांना डेंटल सपोर्ट ऑर्गनायझेशन, थोडक्यात डीएसओ, म्हणतात. या लेखात त्यांना सहाय्यक संस्था म्हटले आहे. हा विचार कुठून आला, त्याच्या बाजूने आणि विरोधात काय म्हटले जाते आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, ते इथे क्रमाने मांडतो.

एकट्याच्या दवाखान्यावरचा भार

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे ते तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती आणि त्यातले सुमारे १५ टक्केच लोक शहरी भागात राहत होते. हळद आणि सोयाबीन ही इथली पैशाची पिके. पैसा वर्षातून ठरावीक वेळी हातात येतो, त्यामुळे थांबवता येण्यासारखा उपचार लोक थांबवतात. ठणकणारी दाढ काढून घेतली जाते, मात्र रूट कॅनॉलनंतरची कॅप आणि कवळी पुढच्या हंगामावर जाते. नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे बाह्यरुग्ण उपचार सहसा बसत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचाही दात भरणे, कॅप, कवळी अशा रोजच्या कामांना उपयोग होत नाही. म्हणजे जवळपास सगळा खर्च पेशंटच्या खिशातून होतो.

डॉक्टरांच्या बाजूचा हिशेब याहून अवघड आहे. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, दाताची प्रतिमा संगणकावर दाखवणारे आरव्हीजी एवढी गुंतवणूक पहिल्या पेशंटच्या आधीच करावी लागते. एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सामायिक कचरा केंद्राशी करार लागतो. कॅप आणि ब्रिजचे माप मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायचे आणि काम परत येईपर्यंत थांबायचे. खुर्ची बंद पडली तर दुरुस्ती करणारा माणूस बाहेरगावाहून येईपर्यंत दवाखानाही बंद. जिल्ह्यात दंत महाविद्यालय नाही. नांदेड, परभणी, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथून शिकून बाहेर पडलेला तरुण डॉक्टर गावाकडे परत येतो तेव्हा दात बघण्याचे शिक्षण त्याच्याजवळ असते, पण दुकान चालवण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. सहाय्यक संस्थेचे सगळे आकर्षण या एका उणिवेवर उभे आहे, आणि ही उणीव खरी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान शहरांतला दंतवैद्य आजही पूर्णपणे एकटा काम करत नाही. ठरलेल्या वारी ऑर्थोडॉन्टिस्ट येतो, अक्कलदाढेची अवघड शस्त्रक्रिया असली तर ओरल सर्जनला बोलावले जाते. हे व्हिजिटिंग कन्सल्टंट एकाच आठवड्यात अनेक गावांत काम करतात आणि पाटी मात्र प्रत्येक ठिकाणी स्थानिक डॉक्टरांचीच असते. ओळख राखून एकत्र येण्याची ही अनौपचारिक रीत डीएसओ हा शब्द इकडे पोचण्याआधीपासूनची आहे.

कायद्याने आखलेली सीमा

डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा दंतवैद्य कायदा आला आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. त्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले : पदवीधरांसाठी ‘अ’, आणि पदवी नसलेल्या पण कायद्याआधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी ‘ब’. याच कायद्यात आपल्या विषयाच्या मुळाशी असलेली एक तरतूद आहे. कंपनीला किंवा कोणत्याही निगम संस्थेला दंतवैद्यकाचा व्यवसाय करता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. त्याला मोजके अपवाद आहेत. फक्त दंतवैद्यक आणि त्याला पूरक कामच करणारी, बहुसंख्य संचालक आणि उपचार करणारे सर्वजण नोंदणीकृत दंतवैद्य असलेली कंपनी हा त्यातला महत्त्वाचा अपवाद. ही कल्पना ब्रिटनच्या १९२१ च्या कायद्याच्या वळणाची आहे. ब्रिटनने पुढे २००५ च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांच्या संख्येवरचे बंधन काढले, मात्र बहुसंख्य संचालक दंतव्यवसायातले नोंदणीकृत असावेत ही अट ठेवली.

या तरतुदीमागचा विचार सरळ आहे. दात वाचवायचा की काढायचा हा निर्णय घेणाऱ्याची परिषदेपुढे जबाबदारी असली पाहिजे, आणि भांडवल घालणाऱ्याला परिषदेची नोंदणी रद्द होण्याची भीती नसते. त्यामुळे जिथे असा कायदा आहे तिथे बाहेरचे भांडवल दवाखान्याच्या पुढच्या दाराने येत नाही. ते व्यवस्थापनाच्या कराराने येते. उपचार डॉक्टरांकडे, बाकीचे सारे संस्थेकडे, अशी वाटणी कागदावर केली जाते. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत करून १९४८ च्या कायद्याची जागा घेणारी नवी व्यवस्था आखली. व्यवस्थापनाचे करार नव्या आयोगाच्या नजरेत कसे बसतील, हा येत्या काळातला एक मोठा प्रश्न आहे.

अमेरिकेने काय पाहिले

या पद्धतीचा सर्वांत लांब अनुभव अमेरिकेचा आहे. तिथल्या अनेक राज्यांत दंतवैद्य नसलेल्याला दवाखान्याची मालकी घेता येत नाही, म्हणून करारावर चालणाऱ्या संस्था वाढल्या. पहिली लाट १९९० च्या दशकातली. ऑर्थोडॉन्टिक सेंटर्स ऑफ अमेरिका ही कंपनी १९९४ मध्ये शेअर बाजारात आली, शेकडो ऑर्थोडॉन्टिस्टांशी तिने करार केले आणि २००६ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. बाहेर पडू पाहणाऱ्या डॉक्टरांशी तिचे खटले चालले. टेक्सासमधल्या अशाच एका प्रकरणात तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये करारच बेकायदेशीर ठरवला, कारण त्याने व्यवसायाचे नियंत्रण व्यवहारात कंपनीच्या हाती दिले होते. हा निकाल आपल्याकडच्या वकिलांनी मुद्दाम वाचावा असा आहे. कागदावर ‘उपचाराचे सर्व अधिकार डॉक्टरांचे’ असे लिहिल्याने भागत नाही. पैसा, माणसे आणि वेळापत्रक कोणाच्या हातात आहे ते न्यायालय पाहते.

दुसरा धक्का लहान मुलांच्या उपचारांतून बसला. ‘स्मॉल स्माइल्स’ दवाखाने चालवणाऱ्या व्यवस्थापन कंपनीने गरिबांच्या सरकारी योजनेतून अनावश्यक उपचारांची बिले घेतल्याच्या आरोपांवर २०१० मध्ये २ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली. २०१३ मध्ये सिनेटच्या दोन समित्यांच्या सदस्यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि काही कंपन्यांत मालकी नावापुरतीच दंतवैद्याची असल्याचे त्यात नोंदवले गेले.

एवढे होऊनही ही पद्धत मागे हटली नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये तिथले सुमारे १० टक्के दंतवैद्य अशा संस्थांशी जोडलेले होते, २०२२ मध्ये १३ टक्के. तरुण डॉक्टरांमध्ये हे प्रमाण अधिक आहे, कारण शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असताना स्वतःचा दवाखाना काढणे त्यांना परवडत नाही. ओळखीच्या बाबतीत तिथे दोन वाटा दिसतात. अॅस्पेन डेंटलचे दवाखाने एकाच नावाने चालतात. हार्टलँड डेंटल आणि कॅनडातली डेंटलकॉर्प स्थानिक दवाखान्याचे नाव कायम ठेवतात. नाव कायम ठेवण्यात व्यापारी शहाणपणही आहे, कारण पेशंट त्या नावावर येतो आणि कंपनीने किंमत मोजलेली असते ती मुख्यतः त्याच विश्वासाची. हार्टलँडची बहुसंख्य मालकी २०१८ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेली. पाटी बदलली नाही, पाटीमागचा मालक बदलला.

भारतातली वाट

आपल्याकडची पहिली मोठी उदाहरणे साखळी दवाखान्यांची आहेत. २०११ मध्ये दिल्ली परिसरातून सुरू झालेल्या क्लोव्ह डेंटलचे शेकडो दवाखाने झाले. मुंबईत मायडेंटिस्ट या नावाने सुरू होऊन पुढे ‘सबका डेंटिस्ट’ झालेल्या साखळीने ठरलेले दर आणि हप्त्यांची सोय मध्यमवर्गापर्यंत नेली. दोन्हीकडे नाव साखळीचे, डॉक्टर तिथे काम करणारे. या साखळ्यांनी निर्जंतुकीकरणाची शिस्त आणि दरांचा फलक पेशंटच्या नजरेत आणला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

नाव राखून जोडून घेण्याचे महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण दंतवैद्यकाबाहेर, पॅथॉलॉजीत सापडते. डॉ. सुशील शाह यांनी मुंबईत उभी केलेली मेट्रोपोलिस वाढली ती गावोगावच्या नामांकित लॅबशी भागीदारी करत. पुण्याची गोळविलकर लॅब पुढे ‘गोळविलकर मेट्रोपोलिस’ झाली. पुणेकरांच्या दोन पिढ्यांनी ज्या नावावर रक्त तपासून घेतले ते नाव पाटीवर राहिले, मागे मोठ्या संस्थेची यंत्रणा आली. मात्र पॅथॉलॉजी आणि दंतवैद्यक यांच्यात एक फरक आहे. रक्ताचा नमुना दुसऱ्या शहरात नेऊन तपासता येतो, दाढ नेता येत नाही. यंत्रे एकत्र करून खर्च वाचवण्याला लॅबमध्ये जेवढी जागा आहे, तेवढी दाताच्या खुर्चीत नाही. दंतवैद्यकात बचत होते ती खरेदीत, हिशेबात आणि व्याजदरात. हे अंतर लक्षात न घेता लॅबचे यश दवाखान्यांना लागू करणे चुकीचे ठरेल.

बाजूने आणि विरोधात

बाजूने बोलणारे प्रामुख्याने वेळेचा मुद्दा मांडतात. डॉक्टरांचा कितीतरी वेळ डीलरशी बोलण्यात, मदतनीस शोधण्यात आणि करांच्या कागदांत जातो. तो पेशंटला मिळावा. एकत्रित खरेदीने साहित्य स्वस्त मिळते, निर्जंतुकीकरणाच्या एकसारख्या पद्धती येतात, वरिष्ठाचा सल्ला मिळतो. महिला दंतवैद्यांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. बाळंतपणात किंवा घरच्या आजारपणात एकटीचा दवाखाना बंद ठेवावा लागतो; जाळ्यातला दुसरा डॉक्टर तो चालू ठेवू शकतो. निवृत्तीचाही प्रश्न आहे. तीस वर्षे चालवलेल्या दवाखान्याला मुलगा-मुलगी त्या व्यवसायात नसतील तर वारस नसतो. संस्थेच्या रूपाने त्याला घेणारा मिळतो, पेशंटची नोंदही वाऱ्यावर जात नाही.

विरोधातला मुख्य आक्षेप उपचाराच्या निर्णयाचा आहे. महिन्याचे लक्ष्य ठरले की भरून भागणाऱ्या दाताला कॅप सुचवली जाण्याची भीती असते. लक्ष्य लेखी असण्याची गरज नसते. कोणत्या दवाखान्याला नवी खुर्ची मिळाली आणि कोणाची बैठक घेतली गेली, एवढ्यावरून ते कळते. दंतवैद्यांची आचारसंहिता कमिशन आणि फी-वाटणीला मनाई करते, प्रसिद्धीवरही मर्यादा घालते. संस्थेचा मोबदला ठरावीक रकमेचा असेल तर प्रश्न कमी, उलाढालीच्या टक्क्यांवर असेल तर तो फी-वाटणीच्या किती जवळ जातो यावर एकमत नाही. माझा कौल ठरावीक मोबदल्याच्या बाजूने आहे, कारण टक्केवारीत प्रत्येक जादा कॅपमधून संस्थेचा वाटा निघतो.

एका आर्थिक बाबीची चर्चा फारशी होत नाही. दाताच्या उपचारावर, सौंदर्योपचार वगळता, जीएसटी लागत नाही. व्यवस्थापन सेवेवर मात्र १८ टक्के लागतो. उपचार करमुक्त असल्याने भरलेल्या कराची वजावट दवाखान्याला मिळत नाही. संस्थेचा वर्षाचा मोबदला एक लाख असेल तर दवाखान्याच्या खिशातून एक लाख अठरा हजार जातात. खरेदीतली बचत त्याहून जास्त झाली तरच व्यवहार फायद्याचा. मोठ्या शहरात, महागडे इम्प्लांट आणि अलाइनरची कामे करणाऱ्या दवाखान्यात ती होऊ शकते. दात काढणे, सिमेंट भरणे आणि कवळी यांवर चालणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात ती होईल का, हे आकडे मांडूनच पाहावे लागेल.

तिसरी भूमिका एकत्र येण्याला पाठिंबा देते, पण संस्था दंतवैद्यांच्याच मालकीची असावी असा तिचा आग्रह आहे. सहकाराच्या महाराष्ट्रात ही कल्पना परकी नाही. दादरचे शुश्रूषा हे सहकारी रुग्णालय १९६० च्या दशकात डॉ. वसंत रणदिवे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. एका जिल्ह्यातल्या पंधरा-वीस दवाखान्यांनी मिळून खरेदी केली, एक दुरुस्ती तंत्रज्ञ ठेवला, एक हिशेबनीस नेमला, तर पाठबळ मिळते आणि नफा बाहेर जात नाही. या भूमिकेची अडचणही तितकीच स्पष्ट आहे. एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी बसलेले डॉक्टर एकमेकांचे स्पर्धक असतात. आपले आकडे शेजाऱ्याला दाखवायला कोणी तयार होत नाही. शिवाय रोजचा कारभार पाहणारा पगारी माणूस नेमला नाही तर सारा भार एका उत्साही डॉक्टरवर पडतो.

ओळख म्हणजे नेमके काय

सर्व बाजू ‘ओळख कायम’ हे शब्द वापरतात, पण त्यांचा अर्थ एकच नसतो. पाटीवरचे नाव हा ओळखीचा सर्वांत सोपा भाग. त्याच्या मागे दर कोण ठरवतो, लॅब कोण निवडतो, मदतनीस कोणाच्या पगारावर, पेशंटचे केसपेपर आणि एक्स-रे कोणाच्या ताब्यात, हे प्रश्न येतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने केसपेपरच्या प्रश्नाला नवे वजन दिले आहे. पेशंटने माहिती डॉक्टरांना दिली होती, दूरच्या सर्व्हरवर ती कोण वापरतो हे त्याला कळायला हवे. जबाबदारीचे तसेच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तक्रार झाली तर ग्राहक आयोगापुढे डॉक्टर उभा राहणार. खर्च कमी करण्यासाठी साहित्य बदलण्याचा निर्णय संस्थेचा असेल तर तीही उभी राहील का, हे करारात लिहिलेले असावे.

बाहेर पडण्याच्या कलमावर सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला बंदी घालणारा करार सामान्यतः रद्दबातल मानते. पण व्यवसायाचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकला असेल तर वाजवी स्थानिक मर्यादेत तोच व्यवसाय न करण्याची अट चालते. वसमतमधल्या डॉक्टरने आपल्या दवाखान्याचा नावलौकिक विकला आणि पाच वर्षांनी संस्थेशी पटले नाही, तर त्याला वसमतमध्येच स्वतःच्या आडनावाने दुसरा दवाखाना काढता येईल का? मुंबईत असा डॉक्टर दुसऱ्या उपनगरात जाईल. लहान गावात दुसरे गाव म्हणजे पेशंट, घर, मुलांची शाळा सगळेच सोडणे. म्हणून तेच कलम ग्रामीण डॉक्टरावर अधिक जड पडते.

हिंगोलीपुरते न सुटलेले प्रश्न

जिल्ह्याचा दातांचा खरा प्रश्न खुर्च्यांच्या व्यवस्थापनापेक्षा मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांकडून धूरविरहित तंबाखूचे सेवन होत असल्याचे आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू, खर्रा, मिश्री यांची सवय गेलेली नाही. तोंड पुरते न उघडणे, पांढरा चट्टा, न भरणारी जखम ही लक्षणे सर्वांत आधी दंतवैद्याला दिसतात. शेजारच्या नांदेड आणि यवतमाळमधल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांच्या दातांवर डाग पडलेले दिसतात. तोंड तपासणे, तंबाखू सोडवणे, शाळेतली शिबिरे या कामांतून बिल फारसे होत नाही. सहाय्यक संस्था या कामाला वेळ देऊ देईल की त्याला खुर्चीचा वाया गेलेला वेळ मानेल? बाजूने बोलणारे म्हणतात की व्यवस्थापनाचा भार गेल्यावर डॉक्टरांना अशा कामाला सवड मिळेल. विरोधकांच्या मते मोकळा झालेला वेळही बिलाच्याच कामात जाईल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि कोणती प्रत्यक्षात येईल ते मोबदला कसा ठरतो यावर अवलंबून राहील.

दुसरा प्रश्न भूगोलाचा आहे. भांडवल वर्दळ पाहून जाते. हिंगोली शहर आणि वसमतची बाजारपेठ त्याला खुणावेल. सेनगाव आणि औंढ्याच्या आतल्या गावांना साखळीने आपोआप डॉक्टर मिळेल असे मानायला आधार नाही. तिथे २०१४-१५ पासूनचा राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम आणि ग्रामीण रुग्णालयातली सरकारी खुर्ची चालू राहणे हेच महत्त्वाचे. खासगी दवाखान्यांच्या बांधणीची चर्चा करताना सरकारी सेवेचा विषय बाजूला पडतो, तो पडू नये.

उपलब्ध अनुभवावरून माझे मत असे. सहाय्यक संस्था हे आपोआप संकट नाही आणि आपोआप सुधारणाही नाही. मोबदला ठरावीक, दर आणि उपचार डॉक्टरांच्या हाती, केसपेपर दवाखान्याचे आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी, या चार अटी पाळल्या गेल्या तर ओळख राहते. यातली एकही सुटली तर पाटी उरते आणि दवाखाना जातो. हिंगोलीपुरते पाहता एकत्रित खरेदी आणि एक सामायिक तंत्रज्ञ इथपासून सुरुवात करणे कमी जोखमीचे आहे, कारण त्यासाठी कोणाला काही विकावे लागत नाही.

महाराष्ट्र राज्य दंत परिषद आणि इंडियन डेंटल असोसिएशनच्या मराठवाड्यातल्या शाखांनी अशा कराराचा एक नमुना मराठीत तयार करावा आणि तो नव्याने नोंदणी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या हाती द्यावा, ही विनंती. तोपर्यंत ज्यांच्यापुढे असा कागद येईल त्यांनी सही करण्याआधी तो संस्थेच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावा आणि वाचायला सुरुवात बाहेर पडण्याच्या कलमापासून करावी.